दाखला

मंडळीचा शिक्का माझ्याकडे असतो.
लाकडी मुठीचा, गोल, मधे क्रूस,
क्रूसाची डावी भुजा झिजलेली.
बावीस वर्षं मी चिटणीस.
जून लागला की पोरं येतात शिष्यवृत्तीचे कागद घेऊन
आणि मी लिहून देतो:
अमुक अमुक हा ख्रिस्ती आहे.
सही. शिक्का. तारीख.
पैसे घ्यायचे नाहीत, असा पंचांचा ठराव आहे.

परवा सिमोन आला, एस्तेर चोपड्यांचा नातू,
शिरोलीच्या फौंड्रीत रात्रपाळी करून,
नाकपुड्यांत अजून काळी वाळू.
म्हणाला, "काका, म्या रविवारी येत न्हाई.
दाखला खोटा हुईल का?"

मी वही उघडली. बाप्तिस्म्याची तारीख सापडली.
पाळकांची सही, दोन साक्षीदार, एक माझा थोरला भाऊ.
तारीख खरीच होती.
पोरगं तारखेचं विचारत नव्हतं.

शाईचा डबा उघडा ठेवून बसलो.
कोणाचा दाखला मी डोळे मिटून लिहीन?
एस्तेरचा.
तिला पत्रांचा क्रम पाठ नाही,
उपासनेत बसल्या बसल्या पेंगते.
शाहूपुरीत पाणी शिरलं त्या साली
शाळेच्या वर्गात तिच्याशेजारी निजायला आली
समोरच्या घरची म्हातारी, अर्धं अंग गेलेली,
जिच्याकडे एस्तेरसाठी तीस वर्षं
कान तुटलेला वेगळा कप होता.
मुलगा, सून दुसऱ्या गावात अडकलेली.
आठ रात्री एस्तेरनं तिचं सगळं केलं.
मी विचारलं तर म्हणाली,
"त्यात काय? म्हातारीला लाज वाटायची,
म्हणून मी बॅटरी विझवून धुवायचो."
मग मला भेंडीचा भाव सांगत बसली.

आणि मी?
मी भिंतीवरचं घड्याळ बघितलं.
कसबा बावड्याच्या कोर्टात एक फाईल आहे,
शमुवेलची आणि माझी,
दोन फूट रुंदीच्या बोळासाठी.
अकरा वर्षं.
वकील बदलले, बोळात पेरूचं झाड आलं,
पेरू दोघांनीही तोडले नाहीत.
पडायचे, कुजायचे, माश्या दोन्हीकडे.
प्रभुभोजनाचं ताट त्याच्या रांगेतून माझ्या रांगेत येतं
तेव्हा मी फक्त नखं बघतो, ताट धरणाऱ्यांची.
अर्पणाची पिशवी पुढे आली की
नोट सुटते हातातून,
हात मात्र सुटत नाही.

सिमोन जांभई देत होता.
शिक्का मारला, फिका उमटला.
परत मारला, दोन क्रूस झाले, एक दुसऱ्यावर चढलेला.
"चालंल, काका," तो म्हणाला, आणि घरी निजायला गेला.

संध्याकाळी मी बोळातून गेलो.
रस्त्यानं लांब पडतं असं नाही,
पण बोळातूनच गेलो, पेरू चुकवत,
मनात एक वाक्य घोटत.
वाक्य चांगलं होतं. त्यात 'मी' एकदाच होता.

राहेल वहिनीनं दार उघडलं.
अकरा वर्षांनी केस पांढरे, आवाज तोच.
"आलासा व्हय भावजी? ते रंकाळ्याकडं फिराय गेल्यात.
बसा की. मी चहा ठेवतो."

वाक्य घेऊन बसलो.
भिंतीवर बाबांचा फोटो, तोच, जो माझ्याकडेही आहे.
फक्त इथं त्यांच्या कोटाचं वरचं बटण दिसत होतं.
माझ्याकडे चौकटीनं कापलंय.

चहा आला. कपाला कान होता.
पांढऱ्या कपावर माझा अंगठा निळा उमटला,
मी थुंकी लावून पुसला, पसरला.
वहिनीनं बघितलं, काही बोलली नाही,
साखर हवी का तेवढं विचारलं.

मग बाहेर चपलांची करकर,
ओळखीची, उजवा पाय जरा जड,
बाबा शिकवायचे दोघांना तेल लावायला
तरी याच्या चपला कायम बोलायच्या.
पायरीपाशी आली. थांबली.
तिथं माझा जोड काढलेला होता.

कप खाली ठेवला. वाक्य आठवेना.
करकर बराच वेळ झाली नाही,
आत येण्याची नाही,
परत जाण्याचीही नाही.