ताबेताई

झुंबा दुसऱ्या मजल्यावर होतं, जपानी पहिल्या.
चौऱ्याहत्तर किलो घेऊन जिना चढताना
मधेच दम लागला, बाकावर टेकलो.
आत मगदूम सर फळ्यावर काढत होते
एका वेढ्याची चकली.
म्हणाले, हे ‘नो’. म्हणजे चा, ची, चे.
एवढ्याशा चकलीत तिघं?
म्हणाले, या आत.
झुंब्याचे पैसे वरच्या वर बुडाले.

सरांची अठ्ठावीस वर्षं शिरोलीच्या फाउंड्रीत गेली,
त्यातली दोन नागोयात.
तिथं काय खात होता, विचारलं तर म्हणतात,
पहिला महिना नुसती चटणी. घरची, बरणीतली.
बरणी संपली
मग भाषा सुरू झाली.

वर्गात आम्ही सहा. पाच पोरं इंजिनिअरिंगची,
त्यांना ओसाका गाठायचंय.
मला फक्त शनिवार.
शनिवारी तक्त्यात एक चमचा साखर आहे.

‘ताबेमास’ म्हणजे खाणे.
तो खातो, ती खाते, ते खातात, मीही:
सगळ्यांना एकच ताबेमास.
लग्नाच्या पहिल्या वर्षी पुण्यात नणंद हसली होती,
अगं, ‘मी जातो’ काय? बाईमाणूस ना तू?
आमच्याकडं बायका जातो, येतो, खातोच म्हणतात.
तेव्हापासून तिच्या घरी मी ‘जाते’ म्हणतो
आणि दर वेळी कुणी दुसरीच
उंबऱ्याबाहेर पडते.
जपानी क्रियापदानं मला काहीच विचारलं नाही.

पाव म्हणजे ‘पान’.
दोन्हीकडं पोर्तुगीजांनीच आणून टाकला, सर म्हणाले.
एक आमच्या कटात बुडाला,
एक तिकडं जाऊन
पोटात गोड पुरण घेऊन बसला.
मी वहीत ‘पुरण’पाशी चांदणी काढली.
परीक्षेला येणार नाही, तरी.

नाही म्हणायचं तर शेवटी ‘नाय’.
ताबेनाय. खात नाय.
खोटं सांगत नाही, गंगावेशीत म्हणतात तसंच नाय.
आणि खावंसं वाटलं तर ‘ताई’.
ताबेताई.

ही मला जुनीच ओळखते.
रात्री साडेअकराला फ्रीजपाशी उभी असते,
आर्या शिरगुप्पेनं दिलेला तक्ता वाचत:
भिजवलेले बदाम चार,
मोडाचे मूग एक वाटी,
ताक, पातळ, बिनसाखरेचं.
वाचून झालं की म्हणते,
पीठ तर मळून बघ. खायचं कोण म्हणालंय?

मळताना मी अक्षरं घोकतो.
आ इ उ ए ओ. पीठ हाताला चिकटतं.
का कि कु के को. सुटायला लागतं.
आपलीच बाराखडी ही,
वजन उतरवून पाचावर आलेली.
तिला कुणी तक्ता दिला असेल?

नाचणीची नानकटाई, साखरेऐवजी गूळ.
तुपाचं आर्याला सांगितलेलं नाही.
प्रत्येकीवर काडीनं एक ‘नो’ ओढला.
ओव्हन घरी नाही. पत्रा घेऊन शकूर मुजावरांच्या भट्टीवर गेलो.
शकूरभाईंनी पत्रा उजेडाला धरला.
वहिनी, ह्या गोगलगाई कसल्या?
गोगलगाई नव्हेत. चा, ची, चे.
कुणाचं?

त्यावर मी गप्प.
आयुष्यभर मागं नाव लागलं ते
अमक्याची सून, तमक्याची आई, चौगुल्यांच्यातली.
चकलीच्या पुढं काय ठेवायचं
हे एकदम सुचेना.
भट्टीचं दार उघडलं, आतून तुपाचा वास आला.
‘वाताशी नो,’ म्हटलं. माझं.
शकूरभाई म्हणाले, बरं. साठ रुपये भाजणावळ.

बिंदू चौकापर्यंत डबा गरम होता.
तिथून पुढं चार कमी झाल्या.
सोमवारी आर्या विचारेल.
भूतकाळ सर गुरुवारी शिकवणार आहेत.
तोवर, जपानीत तरी,
मी काहीही खाल्लेलं नाही.