टंच

मंगळवार आणि शुक्रवार.
हुपरीची एसटी साडेनवाला स्टँडात शिरते,
दहाला पद्माक्का बाकावर.
पिशवीत माझ्यासाठी भाजक्या शेंगा,
अंगात जुनंच पोलकं,
डावी बाजू उसवून नाड्या लावलेलं.

मी आधी वास घेते.
पट्टी सुटायच्या आत जखम बोलायला लागते.
मग कागदी टेप.
लांबी चार पूर्णांक दोन. रुंदी. कापसाची काडी
आत जाईल तिथवर खोली.
रजिस्टरात गेल्या मंगळवारी हेच आकडे आहेत,
त्याच्या आधीच्या मंगळवारीही.

ह्या कातडीवर पंचवीस दिवस किरण पडलेत.
रक्त इथं उसनं मागून आणल्यासारखं येतं.
काठ पांढुरके, आत वळलेले,
भांडण झाल्यावर दोन भिंतींकडे
तोंडं करून निजलेली माणसं.

पुढचा डोस डॉक्टरांनी लांबवलाय.
औषध दिलं की जखम अडते,
जखमेसाठी थांबलं, तर आत दुसरं कोण थांबतंय?
हे मी तिला सांगितलेलं नाही.
तीही मला सांगत नाही.

आज पाकीट फोडलं. राखाडी कापड.
ह्यात चांदी आहे, आक्का.
तिनं चष्मा काढला, लावला,
"किती टंच?"

चाळीस वर्षं पैंजणाच्या कड्या जोडणारी बाई.
काय सांगू? पाकिटावर टंच छापत नाहीत.
"मग पैशे कशाचं घेत्यात?"

मी पिवळं चिमट्यानं निपटत होते.
ती पंख्याकडे बघून बोलत होती,
सांधा आधी घासायचा.
मळक्या सांध्याला डाग बसत न्हाई.
तेच करतेय, म्हटलं.
"कर मग. मी हलतो व्हय?"

शुक्रवारी कापड काळंकुट्ट निघालं.
मी काही बोलायच्या आत तीच हसली.
पोरीच्या अंगावरची चांदी काळी पडली
की सासू म्हणायची, अंगात ऊन हाय हिच्या.
"म्हंजे हाय अजून."

मग विचारलं, हे टाकता कुठं?
पिवळ्या पिशवीत. जाळायला.
तिला ते अजिबात पटलं नाही.
"आमी दुकानातली झाडलोट बी इकतो, बाई.
धुळीत असती चांदी.
जाळल्यावर राखंत काय ऱ्हातंय,
बघितलंय कुणी?"
कुणीच बघितलेलं नव्हतं.

तिसऱ्या आठवड्यात टेप लावली,
काढली,
परत लावली.
तीन पूर्णांक नऊ.
तळाशी डाव्या अंगाला एक लाल दाणा,
पैंजणावर बसवतात त्या रव्याएवढा.
गॉज लागताच त्यातून रक्त आलं
आणि मला, देवाशप्पथ, आनंद झाला.

किती कमी झाली?
तीन मिलिमीटर.
तिनं अंगठा आणि तर्जनी जवळ आणली,
मधल्या फटीतून खिडकीकडे बघितलं.
"एका कडीचं काम," म्हणाली.
"येतो मी. साडेबाराची गाठायची हाय."

शेंगा टेबलावरच राहिल्या.
रजिस्टरात मी आकडा लिहिला.
पुढच्या डोसाच्या तारखेची जागा
अजून कोरीच.