कच्च्या विटा

आधी वहीतला सातचा आकडा
पाण्यात पडल्यासारखा हलतो.
बाहेर ऊन लख्ख.
खानापुरात अजून कुणालाच काही माहीत नाही.

मग जांबोटीकडचा वारा फिरतो.
फिरतो म्हणजे काय, नुसता थांबतो.
भट्टीचा धूर वर जायचं सोडून
जमिनीलगत चाचपडत निघतो,
आणि माझ्या डाव्या भुवईमागं कुणीतरी
खिळा ठोकत नाही,
टेकवून धरतं फक्त.

डॉक्टर म्हणाले, लिहून ठेवा.
म्हणून दूधवाल्याच्या कॅलेंडरवर ठिपके घालते.
पेन्सिलचा म्हणजे चाहूल, लाल म्हणजे उलटी.
चतुर्थी सोडली. जागरण सोडलं. चहा दोनदाच.
गोळी खिळा टेकायच्या आत घ्यायची;
उशीर झाला की पोटात नुसती बसून राहते,
कचेरीतल्या अर्जासारखी.

आई अर्धशिशी म्हणायची.
यल्लव्वा म्हणते अर्धतलेनोवू.
दोन्हीकडं अर्धंच डोकं.
उरलेल्या अर्ध्यानं मी
शनिवारची मजुरी वाटते.

मालकांना कळलं गेल्या मार्चमध्ये.
दुपारीच वही मिटून मी
शेडमध्ये गोणपाटाखाली पडले होते,
आणि दिवेलागणीला आभाळ फुटलं.
अठरा हजार कच्च्या विटा, नुसता चिखल.
त्यांनी चिखलाकडं पाहिलं,
मग माझ्याकडं.

तेव्हापासून रोज सातला फोन:
"इंदूताई, डोकं कसं आहे?"
पहिले दोन दिवस वाटलं, केवढी माया.
ठीक आहे म्हटलं, तर ताडपत्र्या गुंडाळलेल्याच.
जड आहे म्हटलं, की बारा माणसं पळत सुटतात.

एकदा चुकलं.
भावाशी भांडून रात्रभर जागी होते,
दुखलं ते त्याचं.
दिवसभर विटा झाकून, वर कडकडीत ऊन.
मालक म्हणाले, हे आधी सांगायचं नाही?
काय सांगणार होते, सातच्या फोनवर?

आज लाल ठिपका आहे.
बाहेर पळापळ, शिव्या दोन भाषांत,
ताडपत्रीचा प्रत्येक फडका थेट कानात.
मी पत्र्याच्या भिंतीला कपाळ लावून
गार जागा शोधतेय,
एक तापली की दुसरी.

शेवटची रांग झाकून यल्लव्वा आली,
हात कोपरापर्यंत मातीचे.
"एक तुकडा उरला बघ,
फाटकाच हाय खरं,"
म्हणत खिडकीवर अडकवला.

अंधार झाला, पूर्ण नाही.
भोकातून उजेडाची एक कवडी
जमिनीवर पडून आहे.
तिच्याकडं पाठ करून झोपते.
पाऊस पडो, न पडो.