शेवटचं अक्षर

कोस्त्रोमा. पाथरवट येफीम विचारतो,
"आनंदी होता, एवढं नक्की ना?
मग वेस्योलीय् की वेस्योलीम्?
रशियनात दोन्हींची अक्षरं सात.
पैसे तेवढेच."

कापितोलिना हातमोजे काढते.
प्रथमा लावली, तर तो मुळातलाच,
हाडाचा आनंदी.
तृतीया लावली, तर आनंद नुसता अंगात घातलेला,
कोटासारखा,
आणि घरी आल्यावर
खुंटीला टांगलेला.

अकॉर्डियन होतं. लग्नाघरची बोलावणी होती.
ते विकल्यानंतरची अकरा वर्षंही होती,
बटाटे सोलताना एक शब्द नाही.
त्या वर्षांना कुठली विभक्ती?

"बाकीचं कोर," ती म्हणते,
"शेवटचं तेवढं राहू दे.
बर्फ वितळेपर्यंत
आठवून बघते."