टोकन

उबेराबात सतरा वर्षं
मी रस्त्यावरचे टेलिफोन दुरुस्त केले.
अंड्याच्या टरफलासारखे टोप होते त्यांना,
लोक म्हणायचे मोठा कान.
खाचांचं टोकन आत टाकायचं,
पलीकडे कुणी उचललं की ते खाली पडायचं,
खण्,
मग बोला.

ते कान आता कापून नेले.
टोकन उरलं ते बोलण्यात.
जन्मात ते हातात न धरलेली पोरं
प्रेम मोडल्यावर चौथ्या दिवशी, बसथांब्यावर,
एकदम थांबून म्हणतात, "कायू आ फीशा",
पडलं रे टोकन, आत्ता पडलं.
मी ऐकतो. खिशात हात घालतो.
एक आहे अजून.

झुरेमाला आठवण यायची नाही, धडकायची.
भांडी घासता घासता, साबणाच्या हातांनी,
"अदाउतू, धडकली बघ,"
आणि आईला फोन लावायची.
एखादं नाव सुचेनासं झालं
की म्हणायची, पांढरं झालं.

ती गेली तेव्हा मी रडलो नाही.
खुर्च्या मांडल्या, कॉफी गाळली,
मेहुणीला बसस्टँडवर सोडून आलो.
स्वयंपाकघरात बायका हळू आवाजात,
"बिचाऱ्याचं टोकन अजून पडलेलं नाही."

टोकन का अडकतं ते मला विचारा.
च्युइंगगम. वाकडा वायसर.
एकदा तर कुणी कोंबलेलं संत रीटाचं पदक.
हत्यारं काढण्याआधी
पेटीच्या डाव्या बगलेला तळहाताची एक थाप,
दहातले सहा तिथेच बरे व्हायचे.

एकेचाळिसावा दिवस, शनिवार,
सुपरमार्केटच्या गल्ल्यावर झिस्लेनी म्हणाली,
"आणखी काही, सेउ अदाउतू?"
मी मागे वळलो,
"मीठ आहे का गं घरी?"

मागे एक माणूस उभा होता
पोटाशी कलिंगड धरून.

खण्.

तोंडातून निघालं, "नॉसा."
मूळ हाक मारियेला, नॉसा सेन्योरा, आपली माता.
घाईत माता गळून पडते,
इथे सगळ्यांचीच पडते,
उरतं नुसतं 'आपली'.
आपली, मी म्हणत होतो, आपली, आपली,
आणि रांग थांबली होती.

त्या माणसाने कलिंगड पट्ट्यावर ठेवलं
आणि माझ्या पाठीत, डाव्या बगलेला,
एक थाप मारली.
उशिरा, पण जागा बरोबर.

मीठ घरी होतं. दोन पुडे.
तरी घेतलं.