कलम चौदा

घणसोली, सेक्टर नऊ, तिसरा मजला.
चौघीजणी, दोन खोल्या, एक फ्रीज,
फ्रीजमध्ये चार नावांचे चार कप्पे
आणि लोणच्याची एक बरणी, जिच्यावर कुणाचंच नाव नाही.

माळ्यावरची निळी बॅग गेली.
कधी गेली ते सांगता येत नाही.
मी रात्रपाळीची, वाशीच्या डायलिसिस सेंटरला;
दिवसा झोपते, डोक्यावरून पांघरूण घेऊन.
बॅगेत जुना लॅपटॉप, चांदीचे पैंजण,
बारावीपासूनची सर्टिफिकेटं
आणि अप्पांची कात्री.
हिंगोलीच्या बसस्टँडसमोर तीस वर्षं चाललेली,
अंगठ्याच्या जागी पितळ झिजून पातळ झालेली.

चौकीत हवालदाराने विचारलं, "पावती?"
लॅपटॉपची होती. पैंजणांची आईकडे असेल.
कात्री मी नुसती हाताने दाखवली, एवढी.
'चोरी' लिहायला तो तयार नव्हता.
'गहाळ' लिहू म्हणाला, ते लवकर होतं.
गहाळ,
म्हणजे वस्तू आपल्या पायाने गेली,
कुणी नेली नाही, कुणाला शोधायचं नाही.
मी सही केली. दुपारचे दोन वाजले होते, झोप येत होती.

घरी येऊन करारनामा काढला. अकरा महिन्यांचा.
कलम चौदा: लायसेन्सीच्या चीजवस्तूंची कोणतीही जबाबदारी
मालकावर राहणार नाही.
खाली माझाच अंगठा, मशीनवर दाबून दिलेला.
जबाबदारी. शब्द फोडून पाहिला,
जबाब आणि दारी.
दार आमचं एक, किल्ल्या सहा.
चार आमच्या, एक मालकाकडे, एक भांडीवाल्या सुगंधाताईंकडे.
सातवी हवी तर सेक्टर पाचचा किल्लीवाला
दहा मिनिटांत करून देतो, ऐंशी रुपयांत, नाव न विचारता.

सोसायटीच्या वहीत येणाऱ्याची नोंद असते,
जाणाऱ्याची कुणी करत नाही.
लिफ्टमधला कॅमेरा गणपतीपासून भिंतीकडे बघतोय.
आम्ही एकमेकींकडे.
आश्लेषा त्या रविवारी गावाला गेली होती,
हे तिघींनी मनात धरलं, बोललं कुणीच नाही.
परत आल्यावर तिने फ्रीजमधल्या आपल्या कप्प्याला
चिकटपट्टी लावली.

मढवीकाका आले. भाड्याची तारीख नसताना.
सोफ्याच्या काठावर बसले, चहा नको म्हणाले, मग घेतला.
"पोरी, ते कलम माझं नाय, एजंटचं. छापूनच येतं."
मग खिडकीबाहेर बोट.
"तो टॉवर दिसतो ना, तिथं आमची खारजमीन. भाताची.
कागद सगळे होते. बापाचं नाव होतं.
सातबारा दिला, साडेबारा टक्के घेतले."
आणि हसले. मी हसावं की नाही, कळेना.
जाताना नवं कुलूप ठेवून गेले.
किल्ल्या चारच. स्वतःला एकही घेतली नाही.

बेलापूरच्या कोर्टात मोफत सल्ला मिळतो.
वकीलबाई माझ्याच वयाच्या असतील.
फाइल मिटून त्यांनी एवढंच विचारलं,
"बॅग कुणावर सोपवली होती का?"
नाही. ठेवली होती.
"सोपवली असती तर कुणाला तरी विचारता आलं असतं.
ठेवली, म्हणजे..."
पुढचं त्यांनी हातानेच सांगितलं.

बसमध्ये ते दोन शब्द घोळवत आले.
अप्पा रोज रात्री कात्री खणात ठेवायचे.
मला देताना मात्र
दोन्ही हातांनी दिली होती.

काल ड्युटीला निघताना गॅसवर दूध होतं.
निलोफर ओट्याशी उभी.
"दूध सोपवते तुझ्यावर," मी म्हणाले, उगाच मोठ्याने.
ती क्षणभर थांबली. मग फ्रीजच्या दारावर मार्करने लिहिलं:
मिळालं. अर्धा लिटर.
खाली सही, तारीख.

सकाळी आले तर त्याखाली आणखी एक ओळ,
आश्लेषाच्या तिरक्या अक्षरात:
थोडं उतू गेलं. मी पुसलं.