पहिला झटका

पिसुर्ल्याच्या शाळेमागे, पंपाच्या खोलीत
सुई थरथरली. एक वाजून दहा.
पहिली लाट सरळ वर, टोकदार;
मागून येणारी आडवी लाट
जेमतेम, नावापुरती.

सुरुंग. खाणीतला.
तो चहूबाजूंना एकदमच बाहेर ढकलतो.
भूकंप असा नसतो,
एकीकडे ढकलतो, दुसरीकडे ओढतो
आणि मग कितीतरी वेळ
आडवं हलवत राहतो.

म्हाळशी गावस चहा घेऊन आली.
म्हणाली, यंत्र कशाला?
भर दुपारी कपबशा किणकिणल्या की खाण,
अपरात्री विहिरीचं पाणी डुचमळलं तर भुंय.
"आणि माजघराची भेग?"
"कंपनी म्हणते, भूकंपाची."
तिनं बशी पुढे सरकवली.
"तुमची सुई काय म्हणते?"

मी वेळ लिहिली,
पुढे कारण.
पेन्सिल जरा दाबून.